ज्यू अध्यात्मविचार आणि राष्ट्रीय मातृभूमीची संकल्पना

प्रस्तावना :
इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेम येथील दुसरे मंदिर उद्ध्वस्त केले. त्यानंतर ज्यू धर्मजीवन ग्रंथ, प्रार्थना आणि सिनेगॉग यांभोवती केंद्रित झाले. मातृभूमीकडे परतण्याची आस नित्य प्रार्थनेत टिकून राहिली. मात्र हे परतणे मसीहाच्या आगमनाशी, म्हणजेच ईश्वरी कृतीशी निगडित मानले जात असे. १८९७ मध्ये थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने बाझेल येथे पहिली झायोनिस्ट परिषद भरली आणि या आसेला राजकीय कार्यक्रमाचे रूप आले. जे ईश्वराने घडवावयाचे ते मनुष्याने हाती घ्यावे काय, हा प्रश्न त्यातून उद्भवला. त्याच्या प्रमुख उत्तरांचा येथे परामर्श घेतला आहे.

समर्थनाच्या दोन भूमिका :
अहाद हाआम (१८५६–१९२७) यांना केवळ राज्यसंस्था अपुरी वाटत होती. जगभर विखुरलेल्या ज्यू समाजाला नवचैतन्य देणारे सांस्कृतिक-आध्यात्मिक केंद्र त्यांना अभिप्रेत होते. १९२१ मध्ये पॅलेस्टाईनचे पहिले अश्केनाझी प्रमुख रब्बी झालेले अब्राहम आयझॅक कुक यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. धर्माचरण न करणारे तरुण शेतकरी व श्रमिकदेखील भूमीची सेवा करताना नकळत ईश्वरी मुक्तीचे साधन ठरतात, असे त्यांनी प्रतिपादिले.

विरोध आणि चिकित्सा :
सात्मार पंथाचे प्रमुख योएल टाइटेलबाउम यांनी १९६१ च्या ‘वायोएल मोशे’ या ग्रंथात तालमूदमधील तीन शपथांचा आधार घेतला. बळाने सामूहिकरीत्या परतणे आणि मुक्तीची घाई करणे त्यांच्या मते निषिद्ध होते. येशायाहू लायबोविट्झ (१९०३–१९९४) हे धर्मनिष्ठ व झायोनिस्ट असूनही राज्याला केवळ मानवी गरजांचे साधन मानत. राज्य वा भूमी यांना पावित्र्य बहाल करणे ही त्यांच्या दृष्टीने मूर्तिपूजाच होय. मार्टिन बुबर यांनी मातृभूमीची नैतिक कसोटी शेजारी अरबांशी होणाऱ्या व्यवहारात पाहिली आणि दोन्ही समाजांच्या समान हक्कांवर आधारित द्विराष्ट्रीय राज्याचा पुरस्कार केला.

प्रत्यक्षातील ताण :
१४ मे १९४८ च्या स्वातंत्र्यघोषणेत धार्मिक व धर्मनिरपेक्ष गटांच्या तडजोडीतून ‘इस्रायलचा खडक’ हा द्व्यर्थी शब्दप्रयोग स्वीकारण्यात आला. श्रद्धावंतांनी त्यात ईश्वर पाहावा, इतरांनी राष्ट्राची शक्ती. परंतु सर्वच प्रश्न शब्दांनी सुटणारे नव्हते. कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजातील अनेकजण इस्रायलमध्ये स्थायिक झाले. नागरिकत्व मिळूनही १९६० च्या दशकाच्या आरंभी विवाहप्रसंगी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आग्रह रब्बींनी धरला. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. राज्याने दिलेला प्रवेश आणि धर्मसत्तेने दिलेली मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून स्पष्ट झाले.

समारोप :
उपरोक्त मतभेद भूमीच्या महत्त्वाविषयी नसून राज्याच्या दर्जाविषयी आहेत. राज्य हे मुक्तीचे अंग मानल्यास त्याच्या सीमांविषयीची तडजोड श्रद्धेशी प्रतारणा ठरू शकते; १९६७ च्या युद्धानंतर कुक यांच्या अनुयायांच्या वसाहत चळवळीत ही धारणा प्रकर्षाने दिसून आली. राज्य हे साधन मानल्यास मात्र त्याची धर्माच्याच निकषांवर चिकित्सा करता येते. म्हणूनच ज्यू परंपरेतील हा वाद केवळ धर्मशास्त्रीय न राहता नागरिक आणि शेजारी यांच्या जीवनाशी थेट जोडला गेला आहे.