मानेला बसलेला हिसका
उभ्या मोटारीवर मागून वाहन आदळले, की धड पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मग झटक्याने पुढे येते. या हिसक्याने मानेचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात. क्ष-किरण चित्रात बहुधा काहीच दिसत नाही आणि सहकाऱ्यांची शंका येथूनच सुरू होते; दुखणे मात्र खरे असते. पूर्वी अशी मान कित्येक आठवडे पट्ट्यात जखडून ठेवीत. हाडे व नसा शाबूत असल्यास ती लवकर हलती करावी, असे कॅनडातील क्वेबेकच्या तज्ज्ञगटाने १९९५ साली सुचविले. सुधारणा मुख्यत्वे पहिल्या दोन-तीन महिन्यांत होते. सुमारे निम्म्या रुग्णांना वर्षानंतरही थोडाफार त्रास जाणवतो. त्यांनीही व्यायाम सोडू नये. हातास मुंग्या आल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे.