तज्ज्ञांची साक्ष

चिंचपोकळीच्या जुन्या चाळींत ज्यांचे बालपण गेले, त्यांना तळमजल्यावरच्या दुकानातील एकुलता एक टेलिफोन आणि 'तुमचा फोन आलाय' ही हाक ऐकताच जिन्यावरून धावत उतरणारी माणसे खचित आठवतील. ज्या मुंबईत १८८२ सालीच टेलिफोन केंद्र सुरू झाले, तिथे शंभर वर्षांनंतरही जोडणीसाठी वर्षानुवर्षे यादीत नाव लावून बसावे लागे. आणि हे यंत्रांच्या तुटवड्याइतकेच संशोधनाच्या उपेक्षेचेही फळ होते.

१९८१ साली केंद्र सरकारने एच. सी. सरीन यांच्या अध्यक्षतेखाली दूरसंचाराविषयी समिती नेमली. अशा समितीपुढे तज्ज्ञ जे निवेदन करतात, त्याचे प्रयोजन निव्वळ माहिती पुरवणे हे नसते; ज्यांच्या हाती मंजुरी व खजिना आहे, परंतु ज्यांना यंत्राचे अंतरंग ठाऊक नाही, त्यांना कोणत्या वाटेने गेल्यास काय पदरात पडेल आणि काय गमवावे लागेल, हे निर्भीडपणे सांगणे, हा त्याचा खरा हेतू होय. त्या काळी वाटा दोन होत्या. १९८२ मध्ये फ्रेंच कंपनीशी करार होऊन उत्तर प्रदेशात मनकापूरच्या टेलिफोन-स्विचच्या कारखान्याची तजवीज झाली. दुसरीकडे, आपल्याच कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. पिटके व त्यांचे सहकारी लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक स्विच घडवीत होते. दूरसंचार अभियंते सॅम पित्रोदा यांनी सत्ताधाऱ्यांना पटवून दिले, की घरोघरी फोन देण्याआधी तो प्रत्येकाच्या आवाक्यात आणला पाहिजे. ऑगस्ट १९८४ मध्ये छत्तीस महिन्यांची मुदत आणि ३६ कोटी रुपयांचा निधी ठरवून 'सी-डॉट' ही दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली; तिला पिटके यांचे मोलाचे साहाय्य लाभले. आणि १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे, वातानुकूलनावाचून उन्हाधुळीत चालणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र सुरू झाले.

'सी-डॉट' स्थापन झाली त्याच १९८४ साली अमेरिकेत 'एटी अँड टी' या बलाढ्य टेलिफोन कंपनीचे विभाजन झाले आणि तिची मक्तेदारी संपून स्पर्धा वाढली. पुढे तिथल्या दूरसंचार संशोधनाविषयी रॉबर्ट लकी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने तज्ज्ञांची निवेदने ऐकून २००६ मध्ये अहवाल दिला, की स्पर्धेत गुंतलेल्या कंपन्या दूरदृष्टीच्या संशोधनाचा खर्च पेलत नाहीत, तो भार सरकारनेही उचलला पाहिजे.

तात्पर्य, समितीचे मोल तिच्या दफ्तराच्या जाडीवर नव्हे, तर तिने कोणाचे ऐकले यावर ठरते. म्हणून कोणत्याही अहवालाची बातमी वाचताना वाचकांनी इतकेच विचारावे, की चाळीतल्या आणि कित्तूरमधल्या माणसाची गरज ज्याला ठाऊक होती, असा तज्ज्ञ तिथे बोलला काय?