मुलांच्या अंथरुणावरील चादर

आपल्याकडील शेतकरी कुटुंबांत मुले बहुधा गोधडीवर निजतात. गोधडी उबदार खरी. परंतु ती जड असल्याने वरचेवर धुणे होत नाही. घटस्थापनेपूर्वी नदीवर नेऊन धुतली की पुष्कळ घरी पुढे वर्षभर तिला पाणी लागत नाही. मुलाचा घाम, लघवी, सांडलेले दूध हे सर्व तीत मुरत राहते. म्हणून गोधडीवर मुलासाठी स्वतंत्र चादर अंथरणे इष्ट होय. चादर दिसते कशी, यापेक्षा ती ऊन व उकळते पाणी किती सोसेल, हे अगोदर पाहावे.

या दृष्टीने साधे, मध्यम जाडीचे सुती कापड उत्तम. कृत्रिम धाग्याच्या चादरी चकचकीत असल्या तरी घाम नीट शोषत नाहीत. रंगीत चादर घ्यावयाची असल्यास तिचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळावा; फडक्यास रंग लागल्यास ती घेऊ नये. नव्या कापडास खळ असते व ते आटते. तेव्हा रात्रभर भिजवून, धुऊन, मगच बेतावे. तान्ह्या मुलासाठी तर जुने धोतर किंवा सुती लुगडे दुहेरी शिवावे. इतके मऊ कापड विकत मिळणे कठीण. प्रत्येक मुलामागे निदान दोन चादरी असाव्यात, पावसाळ्यात तीन.

लघवीने भिजलेली चादर नुसती वाळवून पुन्हा अंथरू नये. लगेच थंड पाण्यात खळबळावी. दुधाचे वा रक्ताचे डागही प्रथम थंड पाण्यानेच काढावेत, कढत पाण्याने ते पक्के बसतात.

चादरीची खरी कसोटी घरात खरूज शिरते तेव्हा लागते. खरजेचा सूक्ष्म किडा कातडीत शिरून अंडी घालतो. तो मुख्यतः अंगास अंग लागून पसरतो, पण एकाच अंथरुणात निजल्यानेही पसरू शकतो. शरीराबाहेर तो सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक जगत नाही. म्हणून औषध सुरू कराल त्याच दिवशी, मागील तीन दिवसांत वापरलेल्या सर्व चादरी व कपडे उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. गोधडी उकळता येत नसल्यास स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूस ठेवावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे. खाज नाही म्हणून एकट्याने सुटका करून घेतली, तर रोग पुन्हा त्याच्याकडूनच मुलाकडे येतो.

आणखी एक गोष्ट फार खटकते. कीटकनाशकांची रिकामी पोती धुऊन काही ठिकाणी मुलांच्या अंथरुणाखाली घालतात. धुतल्याने विष पूर्णपणे जात नाही. फवारणीचे कपडेही मुलांच्या चादरींबरोबर एका बादलीत भिजवू नयेत. ढेकूण झाले म्हणून पिकावरचे औषध बाजेवर शिंपडणे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे. बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी पुन्हा पुन्हा ओतावे.

तान्ह्या मुलाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्याही ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने काही अर्भकांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते. चादर पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा सुका पाला पुरचुंडीत बांधून तिच्यासोबत ठेवावा आणि अंथरण्यापूर्वी ती पुन्हा उन्हात घालावी.