जुन्या मोटारीची मूळ चाकोरी शोधताना

जुना जालना (प्रतिनिधी) : ‘चाकोरी’ हा शब्द आज आपण बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरतो. त्याचा मूळ अर्थ मात्र बैलगाडीच्या चाकांनी मातीत उमटवलेली जोडवाट, असा आहे. पावसाळ्यानंतर काळ्या मातीतील चाकोरी वाळून टणक झाली की, जिच्या चाकांमधील अंतर तिच्याशी जुळते तीच गाडी सुखाने चालते. अमेरिकेतही हीच अडचण होती. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या चाकांमधील अंतर ५६ इंच होते. परंतु दक्षिणेकडील राज्यांच्या रस्त्यांवरील चाकोऱ्या अधिक रुंद असल्याने सुरुवातीच्या वर्षांत तेथील ग्राहकांसाठी ६० इंच अंतराची गाडीही उपलब्ध होती.

मोटारीच्या भाषेत या अंतराला ‘व्हील ट्रॅक’ म्हणतात. एकाच आसावरील डाव्या टायरच्या मध्यापासून उजव्या टायरच्या मध्यापर्यंतचे हे अंतर होय. जुना जालना भागातील एखाद्या वाड्यात वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली जीप किंवा फियाट पुन्हा रस्त्यावर आणायची, तर कारखान्याने ठरवलेले हे मूळ माप हाती असणे आवश्यक ठरते.

माप बदलते कसे?

मधल्या काळात गाडीला रुंद रिम बसवलेली असते, हब आणि रिम यांच्यामध्ये चकत्या घातलेल्या असतात, तर कधी अख्खा अॅक्सलच दुसऱ्या गाडीचा असतो. प्रत्येक चाक १० मिलिमीटर बाहेर सरकले, तरी एकूण अंतर २० मिलिमीटरने वाढते. त्यामुळे हबच्या बेअरिंगवर आणि किंगपिनवर अधिक भार येतो, स्टिअरिंग जड होते आणि वळणावर टायर मडगार्डला घासू शकतो. गाडी ‘रुबाबदार’ दिसते. पण सुरक्षितता कमी होते.

एकाच गाडीची दोन मापे

मूळ आकडा शोधताना खरी फसगत होते ती अर्धवट माहितीमुळे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपचेच उदाहरण घ्या. तिच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर, म्हणजेच व्हीलबेस, ८० इंच. चाकांमधील अंतर मात्र साध्या रिमवर ४८¼ इंच आणि दोन भागांच्या लष्करी ‘कॉम्बॅट’ रिमवर ४९ इंच असे नोंदवलेले आढळते. दोन्ही आकडे खरे आहेत. फरक रिमचा आहे. म्हणूनच रिमचा प्रकार माहीत नसेल, तर नुसत्या आकड्याला अर्थ उरत नाही. शिवाय लष्करी जीपचे माप महिंद्रने भारतात बनवलेल्या जीपला तसेच्या तसे लावणेही योग्य नव्हे.

फियाटबाबतही हीच दक्षता हवी. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली ‘११०० डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली गेलेली गाडी मूळ इटालियन ‘११०० डी’वर आधारलेली होती. इटलीत त्यानंतर आलेल्या ‘११०० आर’ला पुढे डिस्क ब्रेक होते. त्या गाडीची पुस्तिका येथे कामाची नाही. त्यामुळे आधी चासीवरील पट्टीवरून मॉडेल आणि वर्ष निश्चित करावे. मग त्याच मॉडेलची मालक-पुस्तिका, वर्कशॉप मॅन्युअल, सुट्या भागांची यादी आणि विक्रीपत्रक मिळवावे. कागद आपल्याच गाडीचा आहे का, हे व्हीलबेसवरून पडताळता येते. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिलिमीटर आहे. पुस्तिकेत वेगळाच आकडा असेल, तर ती बाजूला ठेवावी. किमान दोन स्वतंत्र कागद जुळल्याशिवाय माप अंतिम मानू नये.

रांगोळीने मोजमाप

गाडीचे सध्याचे माप घेणे सोपे आहे. टायरमध्ये योग्य हवा भरून गाडी सपाट फरशीवर सरळ रेषेत काही मीटर ढकलावी. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या पद्मिनीची पुढची चाके लगेच मूळ जागी बसत नाहीत, म्हणून हे आवश्यक आहे. नंतर फरशीवर रांगोळीचा पातळ थर पसरून त्यावरून फक्त पुढची चाके न्यावीत. उमटलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांतील अंतर म्हणजे पुढचा ट्रॅक. मागच्या चाकांसाठी थर नव्याने पसरावा. कारण अनेक गाड्यांत पुढचे आणि मागचे माप सारखे नसते.

कायद्याचाही प्रश्न

हा केवळ हौसेचा विषय नाही. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. जुलै २०२१ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरबदल न झालेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून तिची मुदत १० वर्षांची आहे.

जालनेकरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला; त्यापूर्वी हा भाग तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात होता. साहजिकच ५० वर्षांपूर्वीच्या गाडीची पहिली नोंद ‘एमएच २१’च्या दप्तरात मिळण्याची शक्यता कमीच. घरातील जुनी ट्रंक उघडून नोंदणीपुस्तक, कराच्या पावत्या आणि खरेदीची कागदपत्रे आधी शोधावीत. पिवळी पडली म्हणून रद्दीत गेलेली एखादी पुस्तिकाच पुढे गाडीच्या अस्सलपणाचा एकमेव पुरावा ठरू शकते.