देवमासा बघायला निघालात? आधी हे गैरसमज दूर करा

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळचं मिरिस्सा हे मच्छीमारांचं गाव आज निळ्या देवमाशांसाठी जगभर ओळखलं जातं. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तासांवर असल्यामुळे मराठी पर्यटकांच्या श्रीलंका सहलीतही मिरिस्साचा एक मुक्काम असतो. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी इतक्या जवळच्या समुद्रात राहतो, ही आपल्यासाठी मोठीच संधी. मात्र तिथे जाताना काही चुकीच्या समजुती सोबत नेल्या, तर त्याचा त्रास देवमाशालाही होतो आणि आपल्यालाही.

गैरसमज : मे महिन्याच्या सुट्टीत मिरिस्साला जाऊ.

वस्तुस्थिती : मिरिस्साचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की दक्षिण किनारा खवळतो. या काळात पूर्व किनारा तुलनेने शांत असतो. त्यामुळे शाळेच्या उन्हाळी सुट्टीतच जायचं असेल, तर पूर्वेकडच्या त्रिंकोमालीचा विचार करा. नाताळची सुट्टी मिळणार असेल, तर मिरिस्सा उत्तम.

गैरसमज : हे देवमासे ध्रुवाकडून आलेले पाहुणे आहेत.

वस्तुस्थिती : जगातले बरेच निळे देवमासे थंड समुद्रात खातात आणि विणीसाठी उष्ण समुद्रात येतात. उत्तर हिंदी महासागरातले निळे देवमासे मात्र ध्रुवीय समुद्राकडे जातच नाहीत. त्यांचं खाणं, वीण आणि पिल्लांची वाढ याच उष्ण पाण्यात होते. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस यांनी त्यांचं हे वेगळेपण जगापुढे आणलं.

पर्यटकांनी हे लक्षात ठेवायला हवं, कारण बोटींच्या गोंगाटाला कंटाळून या प्राण्यांना सहजासहजी दुसरीकडे जाता येत नाही. त्यांचं खाद्य इथेच आहे आणि जवळच्या दोंद्रा टोकाला लागून जगातला एक अतिशय वर्दळीचा जहाजमार्गही जातो. मोठ्या जहाजांची धडक बसून इथे देवमासे मेले आहेत. २०२२ मध्ये ‘एमएससी’ या जहाज कंपनीने आपल्या जहाजांचा मार्ग किनाऱ्यापासून आणखी दक्षिणेला नेला, तो याच कारणामुळे.

गैरसमज : बोट जितकी जवळ जाईल, तितके पैसे वसूल.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होतं. श्रीलंकेच्या नियमांप्रमाणे बोटीने देवमाशापासून किमान १०० मीटर लांब राहायचं असतं. हे अंतर ऐकायला मोठं वाटतं. पण इथला पूर्ण वाढलेला निळा देवमासा साधारण २० मीटर लांब, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन एसटी बसएवढा असतो. तो १०० मीटरवरून साध्या डोळ्यांनी व्यवस्थित दिसतो.

बोट समोरून आडवी घातली किंवा पाठीमागून पळवली, की देवमासा श्वास पुरता न घेताच बुडी मारतो. त्याचं खाणं थांबतं आणि आपल्यालाही नुसतं पाणी दिसतं. जाणता तांडेल वेग कमी करतो, बाजूने समांतर चालतो, इंजिनाचा जोर कमी करतो आणि थांबतो. निळा देवमासा बहुधा दहा-पंधरा मिनिटांनी श्वासासाठी वर येतो आणि पुन्हा बुडण्याआधी बरेच श्वास घेतो. पाठलाग करणाऱ्यांपेक्षा थांबणाऱ्यांना तो जास्त वेळ बघायला मिळतो.

बोटवाले नियम का मोडतात? बऱ्याचदा प्रवासीच ‘अजून पुढे घ्या’ म्हणून मागे लागतात. वर पुढच्या फेरीची गिऱ्हाइकं जातील, ही भीतीही असते.

गैरसमज : देवमासा डोक्यातून पाण्याचं कारंजं उडवतो.

वस्तुस्थिती : तो उच्छ्वास असतो. देवमासा सस्तन प्राणी आहे आणि फुप्फुसांनी श्वास घेतो. जोरात बाहेर पडलेल्या दमट हवेतल्या बाष्पाचं धुकं होतं आणि ते तीस फुटांपर्यंत उंच दिसू शकतं. क्षितिजावर आधी शोधायचा असतो तो हाच उभा पांढरा फवारा.

गैरसमज : तिकीट काढलं म्हणजे दर्शन नक्की.

वस्तुस्थिती : समुद्र म्हणजे मत्स्यालय नव्हे. ‘शंभर टक्के दाखवतो’ म्हणणारा बोटवाला ते वचन पाळायला पाठलागच करणार. देवमासा न दिसल्यास दुसरी फेरी मोफत देणारे व्यावसायिक मिरिस्सात आहेत. आरक्षण करतानाच तीन गोष्टी विचारा : किती अंतर राखता, सगळ्यांना लाइफ जॅकेट मिळेल का आणि दर्शन झालं नाही तर काय? मिरिस्सासाठी हातात दोन सकाळी ठेवा. बोटी पहाटेच सुटतात आणि फेरी चार-पाच तासांचीही होते. बोट लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

गैरसमज : आपल्या किनाऱ्याचा देवमाशांशी काय संबंध?

वस्तुस्थिती : २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळ्या देवमाशांची नोंद झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला लागलेलं देवमाशाचं पिल्लू समुद्रात परत नेण्यासाठी गावकरी आणि सरकारी यंत्रणा दिवसरात्र झटल्या, पण ते वाचलं नाही. भारतात देवमासे आणि डॉल्फिन या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

म्हणून पाठलाग न करण्याच्या सवयीची सुरुवात श्रीलंकेला जाण्याआधीच करता येईल. दापोली, तारकर्ली किंवा गोव्यात डॉल्फिन बघायला होडीत बसाल, तेव्हा होडी सुटण्यापूर्वीच सांगा : ‘दादा, डॉल्फिनच्या मागे होडी पळवू नका. लांबून दिसले तरी चालतील, पैसे पूर्ण देऊ.’ गिऱ्हाईकच असं म्हणू लागलं, तर पाठलाग करण्याचं कारणच उरणार नाही.