‘लास्ट मॅच’ संपत का नाही

पुण्यात सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत रात्री साडेअकराला दोन आवाज असतात. एक पंख्याचा आणि दुसरा ‘अरे मागं बघ, मागं!’ असा. अभ्यासिकेतून आलेली, मेसचं जेवून झालेली बावीस ते सव्वीस वयाची मुलं ‘लास्ट मॅच’ म्हणत मोबाइलवर बीजीएमआय हा गेम उघडतात. शंभर खेळाडूंची एक क्लासिक मॅच साधारण अर्ध्या तासाची असते, पण ही लास्ट मॅच दीडला संपते. यातल्या कित्येकांना थांबायचं असतं. त्यांना मिळणारे सल्ले मात्र चुकीच्या समजुतींवर उभे असतात, आणि सल्ला फसला की मुलं स्वतःलाच कमकुवत मनाचं ठरवतात.

सगळ्यात पक्की समजूत अशी की इतके तास खेळतो म्हणजे व्यसनच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, हे खरं. 2019मध्ये मान्य झालेली या वर्गीकरणाची आवृत्ती 1 जानेवारी 2022पासून लागू आहे. पण त्या व्याख्येत तासांचा आकडा कुठेच नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, ही तिची लक्षणं आहेत. त्यापायी शिक्षण, नोकरी, नाती यांची मोठी हानी झालेली असावी लागते, आणि हे सारं साधारणपणे बारा महिने चाललेलं असावं लागतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013च्या आपल्या नियमावलीत याला अजून अभ्यास हवा असलेल्या विकारांच्या यादीत ठेवलं. ऑक्सफर्डच्या अँड्र्यू शिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी 2017मध्ये चार देशांतल्या सुमारे 19 हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात निकषांत बसू शकतील अशांचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येत फार तर एक टक्का निघालं.

म्हणजे गेम सोडण्यासाठी आधी आजारी असण्याची गरज नाही. पुरे झालं, एवढं कारण चालतं. उलट ज्याला ती लक्षणं लागू पडतात, त्याला ‘लग्न झालं की सुटेल’ असं सांगत बसू नये. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 2014पासून खास क्लिनिक आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

मग डोपामिन. हल्ली हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. 1998मध्ये लंडनच्या संशोधकांनी आठ पुरुषांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला लावून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. खेळताना डोपामिन स्रवतं, असं त्यात दिसलं आणि ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. पण हे रसायन आवडतं गाणं ऐकताना आणि भूक लागल्यावर जेवतानाही स्रवतं. कंपवातात नेमकं तेच कमी पडतं. त्यामुळे ‘डोपामिन डिटॉक्स’ करून मेंदू धुऊन काढण्याची कल्पना एखाद्या न्यूरॉलॉजिस्टला जरूर ऐकवावी, त्याचा दिवस चांगला जाईल.

‘ॲप डिलीट कर, विषय संपला’ हा सल्ला तर सगळेच देतात. पण फोनवरून ॲप गेलं तरी आयडी कंपनीच्या सर्व्हरवर जिथल्या तिथे राहतो. पुन्हा डाउनलोड केलं, लॉगिन केलं की रँक, स्किन (खेळातले पोशाख), मित्रांची यादी हजर. याचा प्रयोग एकदा देशपातळीवर झालाच आहे. 2 सप्टेंबर 2020ला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. कुणी कोरियन आवृत्ती मिळवली, कुणी व्हीपीएन लावला, कुणी फ्री फायरकडे वळलं. 2021च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला. (‘सरकारने ऑनलाइन गेम बंद केले’ अशीही आवई आहे. 2025च्या कायद्याने बंद झाले ते पैसे लावून खेळायचे खेळ. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यात मान्यता आहे.)

ॲप परत का येतं, याचं उत्तर ॲपमध्ये सापडत नाही. स्क्वॉड चार जणांचा. एक हिंजवडीत नोकरीला, एक नाशिकला दुकानावर, एक जर्मनीत शिकायला गेलेला, चौथा या खोलीत. मायक्रोफोन चालू असतो आणि बोलणं निम्म्याहून अधिक घरचं, पगाराचं, कुणाचं कुठे जमलं याचं. गावातला पारावरचा कट्टा तो हाच, फक्त रात्री साडेअकराचा. गेम सोडणाऱ्याला खरं तर हा कट्टा सोडवत नाही. न सांगता गायब झालेला आठ दिवसांत परत येतो, कारण तिघं वाट बघत असतात आणि ग्रुपवर शिव्या पडत असतात. माझं मत असं की आधी तिघांना सांगावं आणि बोलण्यासाठी दुसरी वेळ ठरवावी, मग ॲपकडे वळावं. मुहूर्त हवाच असेल तर सीझनचा शेवट बरा. नवा सीझन लागला की रँक तसाही खाली येतो, त्यामुळे ‘एवढं चढून सोडू कसं’ या प्रश्नात दम राहत नाही. स्किनवर घातलेल्या पैशांचंही तेच. ते खेळत राहिल्याने वसूल होत नाहीत.

‘एकवीस दिवस काढ, सुटेल’ हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा सवयीचा व्हायला किमान 21 दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. ‘किमान’ हा शब्द पुढे कुठेतरी गळाला. लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाचा हिशेब 254वर गेला. हा अभ्यास सवय लावण्याचा होता, मोडण्याचा नव्हे. तरी त्यातली एक गोष्ट उपयोगी आहे. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. बाविसाव्या दिवशी एक मॅच झाली म्हणून सगळं पाण्यात गेलं असं मानण्याचं कारण नाही.

शेवटची समजूत घरच्यांची. गेम सुटला की अभ्यास होईल. रात्री साडेअकराला थकलेल्या डोक्याने कुणी लक्ष्मीकांतचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक उघडत नाही, रील्स उघडतात. रिकाम्या झालेल्या त्या दोन तासांत आधी झोप बसवावी, अभ्यासाचं सकाळी बघता येतं. आणि रूममेट खेळतच असेल तर त्याला हेडफोन लावायला सांगावं. हे कुठल्या संशोधनात नाही, खोलीत राहिलेल्याला माहीत असतं.