मामाची मुलगी आणि कलम पाच

परभणीकडे सोयरीक जुळवायला बसलेली माणसं आधी कुळ आणि देवक विचारतात. ब्राह्मणाच्या घरी गोत्र-प्रवर निघतं. देवक एकच निघालं तर पाव्हणे चहा पिऊन उठतात. त्याच बैठकीत कुणी ‘मामाचीच पोरगी हाय’ म्हटलं की चेहरे खुलतात. कायद्याचं नेमकं उलट आहे. सगोत्र विवाहावरची बंदी ब्रिटिश हिंदुस्थानात १९४६ सालीच उठली. निजामाच्या राज्यातल्या परभणीला तो कायदा तेव्हा लागू नव्हता, पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही गोत्राची अट ठेवली नाही. देवकाचा तर त्यात उल्लेखच नाही. मामाची मुलगी मात्र निषिद्ध नात्यांच्या यादीत आहे.

या यादीत काका-पुतणी, मामा-भाची, आत्या-भाचा येतात. चुलत, आते, मामे, मावस भावंडंही येतात. सावत्र आणि दत्तक नातंही सख्ख्यासारखंच धरलं जातं. शिवाय सपिंडाची दुसरी चाळणी आहे. स्वतःला पहिली पिढी धरून आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्या वर मोजायच्या. दोघांचाही एकच पूर्वज आपापल्या मर्यादेत सापडला, तर लग्न होत नाही. म्हणून वडिलांच्या चुलतभावाची मुलगी चालत नाही, कारण पणजोबा दोघांनाही चौथ्या पिढीत भेटतात. आईच्या चुलतभावाची मुलगी मात्र चालते. तिथे मुलाच्या बाजूने तिसऱ्या पिढीलाच मोजणी थांबते आणि सामाईक पूर्वज चौथ्या पिढीत असतो. गावातल्या किती जाणत्यांना हे ठाऊक असेल, शंकाच आहे.

हा वाद कायद्याहून फार जुना आहे. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करणं ही दक्षिणेकडची चाल, असं बौधायन धर्मसूत्रातच नोंदलेलं आहे. सपिंड म्हणजे एकाच शरीराचे अंश असलेले, हा अर्थ ‘मिताक्षरे’त लावणारा विज्ञानेश्वर कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा. बीदर आणि परभणी १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढे माधवाचार्यांनी मातुलकन्येच्या लग्नाची बाजू घेतली, तर ‘निर्णयसिंधु’कार कमलाकर भट्टांनी विरोध केला. शास्त्री भांडत राहिले आणि देशावरच्या घरांतून आत्या भावाची मुलगी सून करून आणत राहिली. मराठा समाजात मामाची मुलगी पसंत, पण आत्याची मुलगी नको, हा फरक इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात मांडला आहे. सासू म्हणजे आत्याच, आणि हुंड्या-मानपानाची ओढाताण कमी, हे त्यामागचं व्यवहारी गणित.

कायद्याने या चालीला दार बंद केलेलं नाही. कलम ५ म्हणतं, दोघांनाही लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तर लग्न वैध. मात्र ‘आमच्यात चालतं’ एवढं कोर्टाला पुरत नाही. रूढी दीर्घकाळ, अखंड, एकसारखी पाळलेली हवी. एखाद्या घराण्याचीच रूढी असेल तर ती त्या घराण्याने मध्येच सोडलेली नसावी. ती सिद्ध करायची जबाबदारी सांगणाऱ्यावर. सपिंडाची अटच रद्द करा, ही मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये फेटाळली.

रूढी सिद्ध झाली नाही तर लग्न मुळापासून रद्दबातल. शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती वाचून कुणी घाबरणार नाही. खरी अडचण पुढे येते. वीस वर्षं संसार झाल्यावर पोटगी द्यायची वेळ आली, की नवरा म्हणू शकतो, ‘हे लग्नच नव्हतं.’ भावकीला जमीन हवी असेल तर तीही हेच म्हणते. मुलांना कलम १६ औरस मानतं आणि आई-वडिलांच्या मालमत्तेत हक्क देतं. वडिलांच्या वाट्याला एकत्र कुटुंबातून जे आलं असतं, त्यातही त्यांचा वाटा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. बाईला मात्र आपण बायको होतो हेच सिद्ध करत बसावं लागतं. हा अन्याय आहे, असं माझं मत.

नोंदणी केली म्हणजे निभावलं, हाही भ्रम. नोंदणी हा लग्न झाल्याचा पुरावा. निषिद्ध नातं तिने वैध होत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात सपिंडाची अट नाही, पण मामेबहीण त्याच्याही यादीत आहे, आणि तिथे रूढीचा आधार घ्यायचा तर ती राज्य सरकारने राजपत्रात जाहीर केलेली लागते. अंध या आदिवासी जमातीची गोष्ट वेगळी. परभणी-हिंगोली भागातले हे लोक अनुसूचित जमातीत येतात, आणि केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अशा जमातींना लागू होत नाही.

डॉक्टरांचा आक्षेप निराळा आहे: जवळच्या रक्तात आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते. त्यासाठी लग्नाआधी समुपदेशन घ्यावं.

यंदा घरात मामाच्या मुलीचं जमत असेल, तर साखरपुड्याआधी दोन्हीकडची वंशावळ पाच पिढ्यांपर्यंत कागदावर मांडा. घरात आणि समाजात अशी लग्नं कुणाकुणाची झाली, ती सालासकट लिहून ठेवा. त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या वहीत घराण्याची नावं असतील तर उतरवून आणा, आणि तो कागद वकिलाला दाखवा. म्हातारी माणसं सांगायला आहेत तोवरच हे काम होईल.